टक्के राहू द्या, एक्स-रे मशिनी किती ते सांगा

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक विचित्र भाषा सुरू होते. मूल ‘लागतं’ किंवा ‘लागत नाही’. एमबीबीएसला लागलं नाही तर बीडीएस, तिथे नाही तर बीएएमएस, मग बीएचएमएस, मग फिजिओ, मग नर्सिंग. आणि या उतरणीच्या अगदी तळाशी, जिथे घरातली माणसं आवाज खाली करून बोलतात, तिथे "पॅरामेडिकलचं बघू काहीतरी." रेडिओग्राफी या ‘काहीतरी’त मोडते. २०२४ साली नीटला तेवीस लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. बाकीची सगळी त्या एका वर्षात या उतरणीवर कुठे ना कुठे घरंगळत होती.

या उतरणीशी माझं भांडण आहेच. पण त्याहून मोठं भांडण एका प्रश्नाशी आहे. रेडिओग्राफीला प्रवेश घ्यायचा म्हटलं की मुलं, पालक, क्लासवाले, यूट्यूबवरचे करिअर-गुरू सगळे एकच विचारतात: किती टक्क्यांना लागते आणि फी किती? या दोन आकड्यांवर तीन-चार वर्षं आणि घरातले काही लाख रुपये ठरून जातात. ज्यावर त्या मुलीचं पुढचं सगळं अवलंबून आहे ते कुणी विचारतच नाही. कॉलेज कोणत्या हॉस्पिटलात शिकवतं? तिथे कोणत्या मशिनी आहेत? दिवसाला किती पेशंट येतात? एका मशीनभोवती किती विद्यार्थी उभे असतात? शेवटी हातात पडणारा कागद कोण मानतं? विचारलं तरी उत्तर मिळत नाही. आणि ते न मिळण्यावर काही लोकांचं दुकान व्यवस्थित चालतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पुण्यात हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका टीममध्ये काम करतो. एक्स-रे, सीटी, एमआरआय या प्रतिमा साठवायच्या, शोधायच्या, डॉक्टरांच्या स्क्रीनपर्यंत पोचवायच्या, हे आमचं काम. या प्रतिमा डायकॉम नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि प्रत्येक प्रतिमेला माहितीची लांबलचक शेपटी जोडलेली असते: किती किलोव्होल्ट, किती मिलिअँपिअर-सेकंद, शरीराचा कोणता भाग, पेशंट कोणत्या स्थितीत, किती वाजता. मी डॉक्टर नाही, रेडिओग्राफरही नाही. पण ही शेपटी रोज वाचली की काही महिन्यांत माझ्यासारख्यालाही कळायला लागतं की मशीनमागे जाणता हात होता की नव्हता. एकाच छातीचे चार मिनिटांत तीन एक्स-रे दिसले की समजायचं, कुणीतरी अंदाजपंचे बटण दाबत होतं आणि पेशंट तिन्ही वेळा किरण खात होता.

"त्यात काय, बटण तर दाबायचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचा राग येणंही बंद झालंय. किलोव्होल्ट वाढवले की किरण जास्त भेदक होतात, पण प्रतिमेतला काळ्या-पांढऱ्याचा फरक कमी होतो. किलोव्होल्ट पंधरा टक्क्यांनी वाढवले तर मिलिअँपिअर-सेकंद निम्मे करून साधारण तेवढाच ठसा मिळतो, म्हणून जे मूल क्षणभर स्थिर राहत नाही त्याच्यासाठी वेळ कमी करता येतो. नळीपासूनचं अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते. हे अकरावी-बारावीचं फिजिक्स आहे. फक्त ते इथे रडणाऱ्या दोन वर्षांच्या पोरावर, मानेला कॉलर लावून आणलेल्या अपघातग्रस्तावर आणि दम लागल्यामुळे आडवं होऊच न शकणाऱ्या आजोबांवर लावायचं असतं. पुस्तकातल्या पेशंटला कधी दम लागत नाही. छातीच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट आणि पोटाच्या सीटीचा त्याच्या पन्नास-साठ पट किंवा जास्तच. "हलला वाटतं, परत काढू" असं सीटीच्या खोलीत म्हणणं किती महाग आहे ते यावरून बघा.

एमआरआयमध्ये तर किरणोत्सर्ग नसतोच, तरी चुकीला माफी नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या महापालिका रुग्णालयात पेशंटचा एक नातेवाईक ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतलं आणि तो तरुण मेला. बातमी आली, चार दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो. त्या दारातून कोण आणि काय आत जाऊ शकतं हे ठरवणारा माणूस म्हणजे ‘टेक्निशियन’. उतरणीच्या तळाशी आपण ज्याला बसवलाय तोच.

आता प्रवेशाकडे येऊ. महाराष्ट्रात सरळ वाट म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी. त्यात रेडिओग्राफीची स्वतंत्र शाखा असते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला मिळालं तर फी परवडते आणि पेशंटची वाण नसते. पण जागा मोजक्या. एम्ससारख्या संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात, तिथेही रेडिओग्राफीच्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. मग अभिमत विद्यापीठं, प्रत्येकाची पद्धत वेगळी, फी वेगळी. बहुतेक ठिकाणी बारावीला जीवशास्त्र लागतं, काही ठिकाणी गणितवाल्यांनाही दार उघडं असतं (आणि ते सगळीकडेच उघडं असायला हवं, कारण वरचा अख्खा परिच्छेद फिजिक्सचा होता). या सगळ्यांत जागा मिळाली नाही की उरतं ते जंगल.

माझी मावसबहीण या वर्षी त्या जंगलात शिरली. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची. मावशीचा फोन आला, "तू बघ रे जरा, तुला कॉम्प्युटरचं कळतं." आपल्याकडे कॉम्प्युटरचं कळणाऱ्याला सगळं कळतं असा समज आहे, त्याचा मी कधीकधी फायदा घेतो. तिने व्हॉट्सॲपवर चार माहितीपत्रकं पाठवली. चारही चकचकीत. चारही मुखपृष्ठांवर पांढरा कोट घातलेली, स्टेथोस्कोप लावलेली मुलगी. रेडिओग्राफीच्या कोर्सच्या जाहिरातीत स्टेथोस्कोप! एकावर जे मशीन होतं त्याचा फोटो मी शोधून बघितला, तो मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरचा निघाला. एक संस्था मोबाइलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होती. तिथे ‘सरकारमान्य’ हा शब्द पाच वेळा होता, पण कोणतं सरकार आणि कसली मान्यता ते एकदाही नव्हतं. खाली बारीक अक्षरात संस्था नोंदणी क्रमांक आणि आयएसओ प्रमाणपत्र.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण याच जागी हजारो घरं फसतात. संस्था म्हणून नोंदणी करणं म्हणजे अभ्यासक्रमाला मान्यता मिळणं नव्हे. गणपती मंडळाचीही नोंदणी होते. आयएसओ प्रमाणपत्र ऑफिस कसं चालवता त्याचं असतं, तुमच्या पदवीचं नसतं. डिग्री देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला असतो. तुमच्या प्रमाणपत्रावर ज्याची सही येणार ते विद्यापीठ कोणतं, ते कोणत्या राज्यातलं आणि त्याला इथे केंद्र चालवायची परवानगी आहे का, हे तीन प्रश्न विचारले की माहितीपत्रकातली निम्मी हवा जाते.

त्यातलीच एक संस्था ‘एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि सोनोग्राफी टेक्नॉलॉजी’ शिकवणार होती. सोनोग्राफी वाचून मावशी खूश झाली, कारण गावात सोनोग्राफी सेंटरला रांग असते आणि रांग म्हणजे पैसा. प्रत्यक्षात भारतात गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा आहे, १९९४ चा, आणि त्याखाली सोनोग्राफी करायचा अधिकार ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरांनाच आहे. रेडिओग्राफरने गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवला तर तो गुन्हा होऊ शकतो. इंग्लंड-अमेरिकेत सोनोग्राफर हा वेगळा पेशा आहे, ते खरं. पण सतरा वर्षांच्या मुलीला उद्या इथे जे काम करताच येणार नाही, त्याचं आमिष दाखवून फी घेणं याला मी शिक्षण म्हणणार नाही.

सरकार काही करत नाही असं नाही. २०२१ साली संसदेने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिओलॉजी, इमेजिंग आणि उपचार तंत्रज्ञान हा स्वतंत्र गट आहे. कायदा सांगतो की सहयोगी आरोग्य व्यावसायिक व्हायला किमान २००० तासांचं शिक्षण हवं, ते दोन ते चार वर्षांत पसरलेलं, आणि आरोग्यसेवा व्यावसायिक व्हायला किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. चांगलं आहे. पण कायदा कागदावर आणि राज्यांच्या परिषदा बनायच्याच, अशी वर्षं गेली. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना सांगावं लागलं की दोन महिन्यांत हा कायदा अमलात आणा. मधल्या काळात ज्या मुलांनी सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स करून पैसे भरले, ती आता नोंदणीच्या दारात गेली तर त्यांना कुणी काय सांगायचं? यातला राग मला खाजगी दुकानदारांपेक्षाही जास्त त्या लोकांचा येतो ज्यांच्याकडे यादी आहे आणि जे ती दाखवत नाहीत.

कारण यादी आहे. मुद्दा इथेच येतो आणि इथे मला प्रोग्रामर म्हणून बोलायचा अधिकार आहे असं वाटतं. देशात एक्स-रे मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. हे मंडळ आपल्या मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. त्यासाठी ई-लोरा नावाची ऑनलाइन प्रणाली आहे, अर्ज तिथेच होतात. म्हणजे कोणत्या हॉस्पिटलात कोणतं मशीन आहे हे सरकारला माहीत आहे. कोणत्या कॉलेजला किती जागा मंजूर आहेत हे विद्यापीठाला माहीत आहे. शिकवायला कोण आहे हेही संलग्नतेच्या अर्जात लिहिलेलं असतं. ही सगळी माहिती एकत्र करून एक तक्ता बनवायला किती वेळ लागेल? कॉलेज, संलग्न हॉस्पिटल, मशिनी, मंजूर जागा, शिक्षक, पदवी देणारं विद्यापीठ, नोंदणीला पात्र की नाही. सात रकाने. आमच्या ऑफिसात हे काम नव्या पोराला पहिल्या आठवड्यात देतात. मी अतिशयोक्ती करत नाहीये. रेल्वेचं वेटिंग फोनवर दर मिनिटाला बघता येतं, पण तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ज्या हॉस्पिटलात जायचं तिथे सीटी स्कॅन आहे की नाही, हे बघता येत नाही.

कुणी म्हणेल, माहितीचा अधिकार आहे ना. आहे. अर्जाच्या उत्तराला तीस दिवस. प्रवेशफेरीचा पर्याय भरायला किती दिवस मिळतात ते ज्याने भरलाय त्याला विचारा.

माझ्या बहिणीने शेवटी चारही ठिकाणी फोन केले. प्रश्न मी लिहून दिले होते, पण विचारले तिने, आणि माझ्यापेक्षा बरे विचारले. दोघांनी फोन ठेवून दिला. एकाने सांगितलं की ‘टाय-अप’ बऱ्याच हॉस्पिटलांशी आहेत, नावं प्रवेशानंतर कळतील. चौथ्या ठिकाणच्या क्लार्कने मात्र प्रामाणिकपणे सांगितलं की सीटी आहे, एमआरआय शेजारच्या सेंटरला जाऊन बघावं लागतं, बघावंच, हात लावू देत नाहीत. त्या अनोळखी क्लार्कचे आभार. इतकं खरं बोलायला तिथे त्याला कुणी पगार देत नसणार.

आता माझ्याच जातभाईंकडे वळतो. सॉफ्टवेअरवाल्यांकडे. या विषयावर ऑफिसच्या कँटीनमध्ये तोंड उघडलं की लगेच ऐकायला मिळतं, "रेडिओलॉजी? ती तर एआय खाणार. पोरीला सांग, वेळ वाया घालवू नको." जेफ्री हिंटन यांनी २०१६ साली म्हटलं होतं की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगलं वाचेल. हिंटन मोठा माणूस, पुढे नोबेलही मिळालं. पण पाच वर्षं केव्हाच उलटली आणि रेडिओलॉजिस्ट अजून रात्रपाळ्या करतायत. आणि इथे मूळ घोळ वेगळाच आहे. हिंटन बोलत होते ते रेडिओलॉजिस्टबद्दल, म्हणजे प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरबद्दल. माझी बहीण शिकणार आहे ते प्रतिमा काढायला. मोडलेल्या खुब्याच्या आजीला न दुखवता टेबलावर घ्यायचं, ती घाबरली असेल तर तिच्या भाषेत बोलायचं, श्वास कधी रोखायचा ते सांगायचं, शिसाचं ॲप्रन द्यायचं, शिरेत घातलेल्या कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठतंय का ते बघायचं. आमचं कोणतं मॉडेल आजीला उचलणार आहे? दोन पेशांमधला फरक माहीत नसताना एखाद्या मुलीच्या आयुष्याचा सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. आणि हा उंट एअरकंडिशन्ड आहे.

मॉडेल शिकवायला लागणारा डेटा येतो कुठून, हेही आम्ही सोयीस्करपणे विसरतो. वाकड्या, हललेल्या, चुकीच्या बाजूची खूण असलेल्या प्रतिमांवर शिकवलेलं मॉडेल वाकडंच बोलणार. चांगली प्रतिमा काढणारी माणसं नसतील तर एआयवाल्यांची दुकानं आधी बंद होतील.

दुसरा सल्ला घरातून येतो आणि तो जास्त विषारी आहे: "मुलीच्या जातीला एक्स-रे लाइन नको, मूल होणार नाही." मावशीलाही एका बाईने हे सांगितलं, त्या बाईला विज्ञानातलं काही कळतं असं वाटण्याचं एकही कारण नाही. तर आकडे बघू. किरणोत्सर्गाचं काम करणाऱ्यांसाठी भारतातली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. निव्वळ पृथ्वीवर जगण्यासाठी, म्हणजे माती, हवा, आकाश यांतून, माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. छातीवर टीएलडी बिल्ला लावायचा, तो ठरावीक काळाने तपासायला जातो, आकडा नोंदला जातो. बाई गरोदर असल्याचं कळवलं की उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, जी सामान्य जनतेसाठी असते तीच. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर नेमताच येत नाही. नियम पाळणाऱ्या ठिकाणी बाई काचेआड सुरक्षित असते. भीती वाटायलाच हवी ती नियम न पाळणाऱ्या ठिकाणी, जिथे बिल्ला ड्रॉवरमध्ये पडलेला असतो आणि ॲप्रनला भेगा गेलेल्या असतात. तिथे पुरुषांनीही जाऊ नये. म्हणजे इथेही प्रश्न तोच: कोणतं हॉस्पिटल?

राहिला पैसा, तो लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो. खाजगी सेंटरांत बारा तासांच्या पाळ्या असतात, सरकारी हॉस्पिटलांत कितीतरी जागा कंत्राटी. ब्रिटनमध्ये ‘रेडिओग्राफर’ हा शब्द कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसलेल्याने तो स्वतःला लावला तर गुन्हा होतो. आपल्याकडे तोच माणूस ‘एक्स-रेवाला’. ज्यांना बाहेर जायचंय त्यांच्यासाठी वाट आहे, पण तिथे पहिल्यांदा विचारतात की कोणत्या विद्यापीठाची पदवी आणि प्रत्यक्ष हॉस्पिटलात किती तास. दोन खोल्यांच्या संस्थेचा कागद घेऊन तिथे उभंही राहता येत नाही.

तुमच्या घरात या वर्षी कुणी अर्ज भरणार असेल तर माहितीपत्रक बाजूला ठेवा. संस्थेकडून संलग्न हॉस्पिटलचं नाव लेखी मागा, ईमेलवर. विद्यापीठाच्या वेबसाइटवर जाऊन त्या कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा स्वतः तपासा. फीची पावती कोणाच्या नावाने फाडणार ते विचारा. आणि मग त्या हॉस्पिटलात जाऊन एक्स-रेच्या खिडकीसमोर तासभर बसा. किती पेशंट आत जातात ते मोजा, शिकाऊ मुलं आत दिसतात की बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसलेली ते बघा, त्यांच्यातल्या शेवटच्या वर्षाच्या एखादीला चहा पाजा आणि विचारा की सीटीवर तिने स्वतः किती पेशंट केले. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला जा, तेव्हा ओपीडीला गर्दी असते.